वाचकांचे प्रश्न : रंगीत पानावरचे न दिसणारे ठिपके

रंगीत लेझर प्रिंटर पानावर आपली खूण सोडतो, ही चर्चा सध्या सातारा-सांगलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतून बरीच चालू आहे. त्यावर आणि त्याला लागून असलेल्या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं जागेअभावी कापली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : विश्रामबागला माझं कलर झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मशीन सेकंडहँड, ए-थ्री कलर लेझर. एक वकील गिऱ्हाईक म्हणाले, या मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक पानावर मशीनचा नंबर छापलेला असतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. खरं आहे का? माझ्या मशीनवर आहे की नाही, हे मलाच बघता येईल का?
– झेरॉक्सचालक, सांगली

उत्तर : वकिलांनी सांगितलं ते खरं आहे. ही युक्ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. रंगीत कॉपियर आले तेव्हा नोटांच्या हुबेहूब प्रती निघतील या धास्तीनं झेरॉक्स कंपनीनं ती बसवली, आणि इतर कंपन्यांच्या मशीनमध्येही ती आली. सामान्य माणसाला पत्ता लागला तो २००४ साली. नेदरलँड्सच्या पोलिसांनी कॅननच्या रंगीत लेझर प्रिंटरवरून बनावट छपाई करणाऱ्यांचा माग या खुणांवरून काढला, तेव्हा. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं झेरॉक्सच्या डॉक्युकलर या प्रिंटर मालिकेच्या खुणेतला संकेत उलगडून जाहीर केला. २०१८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी १८ कंपन्यांची १०६ मॉडेल तपासली आणि त्यांत संकेतांच्या चार वेगवेगळ्या पद्धती सापडल्याचं मांडलं.

खूण म्हणजे पिवळे ठिपके. एकेक ठिपका साधारण ०.१ मिलिमीटरचा, दोन ठिपक्यांत सुमारे १ मिलिमीटर अंतर. पांढऱ्या कागदावर इतका बारीक पिवळा ठिपका डोळ्याला जाणवतच नाही. एक पूर्ण संकेत सुमारे ४ चौरस सेंटीमीटरमध्ये मावतो आणि ए-फोर पानावर तोच सुमारे १५० वेळा उमटतो. त्यामुळे पान फाडलं, कोपरा जळला, वर चहा सांडला तरी कुठला ना कुठला तुकडा वाचता येतो.

आता तुमच्या मशीनवर बघायचं कसं. ऑफसेटवाल्यांकडे रंग एकावर एक नीट बसलेत का ते बघायचं १० पटीचं भिंग असतं, ते मागून घ्या. खोलीत अंधार करून कागदावर निळ्या एलईडीचा उजेड पाडा. पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून निळ्या उजेडात तोच ठिपका काळपट दिसतो. समासातली कोरी जागा बघा. फोटो किंवा रंगीत पट्ट्यावर बघू नका, तिथे छपाईचेच पिवळे ठिपके गर्दी करतात.

भिंग नसेल तर स्कॅनर तुमच्याकडे आहेच. पण सेटिंग चुकलं तर पानावर ठिपके असूनही स्कॅनमध्ये काही दिसणार नाही, आणि बहुतेकांचं इथेच फसतं. रेझोल्यूशन ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, ठेवा. त्यात एका मिलिमीटरला साधारण २४ पिक्सेल मिळतात, म्हणजे ठिपक्याच्या वाट्याला दोन-अडीच. ३०० डीपीआयला जेमतेम एक पिक्सेल येतो. चांगल्या स्कॅनरवर तेवढंही पुरतं, पण नवख्याला शोधणं अवघड जातं. मोड रंगीत हवा. टेक्स्ट किंवा ब्लॅक अँड व्हाइट नको. 'बॅकग्राउंड रिमूव्हल' बंद करा, कारण ते सेटिंग कागदाचा पिवळेपणा घालवायला असतं आणि ठिपकेही पिवळेच. फाईल पीएनजी किंवा टिफमध्ये सेव्ह करा. जेपेग रंगाचा बारीक तपशील आधी खातं आणि ठिपके त्यातच जातात. ६०० डीपीआयचं ए-फोर पान न दाबता ठेवलं तर १०० एमबीच्या आसपास जातं. म्हणून पूर्ण पान न घेता १० सेंटीमीटरचा कोरा तुकडा स्कॅन करा.

फोटोशॉपमध्ये फाईल उघडून चॅनल्समध्ये फक्त ब्लू ठेवा. लेव्हल्स उघडा आणि डावीकडचा काळा त्रिकोण उजवीकडे २०० च्या आसपास आणा. ठिपके असतील तर राखाडी पांढऱ्यावर काळी रांगोळी घातल्यासारखे ठराविक अंतरानं दिसतील. गिंप वापरत असाल तर कलर्स, कंपोनंट्स, डीकंपोज, आरजीबी असं जाऊन निळा थर बघा. इकडेतिकडे कसेही पडलेले ठिपके म्हणजे उडालेला टोनर किंवा कागदातला कचरा. खूण असेल तर तोच नमुना काही सेंटीमीटरवर पुन्हा जसाच्या तसा आला पाहिजे.

एकाच पानावर निष्कर्ष काढू नका. तीन पानं काढा: रंगीत मजकूर रंगीत मोडमध्ये, काळा मजकूर रंगीत मोडमध्ये, आणि काळा मजकूर ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये. मागे पेन्सिलीनं क्रमांक टाका. कागद शुभ्र, ८० ते १०० जीएसएमचा घ्या. रिसायकल्ड कागदावर काही दिसणार नाही. पूर्ण कोरं पान पाठवून तपासू नका, त्यावर काहीतरी छापलेलं असू द्या. कुठल्या मोडमध्ये खूण येते हे मशीनगणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या दुकानातला अनुभव तुमच्या कामाचा नाही.

डॉक्युकलरचा संकेत कसा वाचतात तेही बघा, म्हणजे त्यात काय असतं ते कळेल. १५ उभे स्तंभ, ८ आडव्या ओळी. सर्वांत वरची ओळ ताळ्याची. खालून वर मोजत गेलं की ओळींच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४. दुसऱ्या स्तंभात मिनिटं, पाचव्यात तास, सहाव्यात दिवस, सातव्यात महिना, आठव्यात वर्षाचे शेवटचे दोन आकडे, आणि अकरा ते चौदामध्ये मशीनचा सीरियल नंबर. समजा पाचव्या स्तंभात खालून पहिला आणि पाचवा ठिपका आहे: १ आणि १६, म्हणजे १७ वाजले. दुसऱ्यात खालून तिसरा आणि सहावा: ४ आणि ३२, म्हणजे ३६ मिनिटं. स्तंभातले ठिपके विषम हवेत असा नियम असल्यानं दोन्ही स्तंभांत वरच्या ओळीत एकेक ठिपका जास्तीचा पडतो. वेळ झाली १७:३६.

ही वेळ मशीनच्या घड्याळाची. परदेशातून आलेल्या सेकंडहँड मशीनचं घड्याळ तिकडच्याच वेळेवर राहिलं असेल तर पानावर तीच चुकीची वेळ जाईल. मेनूत जाऊन ते एकदा नीट लावून घ्या. उद्या एखाद्या पानाची चौकशी तुमच्यापर्यंत आली तर नोंदवही आणि पानावरची वेळ जुळलेली बरी. शिवाय सगळ्याच कंपन्यांच्या संकेतात तारीख-वेळ असते असं नाही.

पानावर तुमचं नाव कुठेच नसतं, गिऱ्हाइकाचं तर नसतंच. असतो तो मशीनचा नंबर. नंबरावरून माणसापर्यंत जायला विक्रीचं बिल, वॉरंटीची नोंद, सर्व्हिस कॉलचं रजिस्टर लागतं. तुमचं मशीन सेकंडहँड आहे. खरेदीची पावती, त्यावर सीरियल नंबर आणि तारीख, हे फाईलला लावून ठेवलंय ना? नसेल तर विकणाऱ्याकडून आजच लिहून घ्या. तुमच्या आधी त्या मशीनवर काय छापलं गेलं, त्याची उत्तरं तुम्हाला द्यावी लागू नयेत.

प्रश्न : आमच्या कलर प्रिंटरवर पानाच्या उजव्या बाजूला पिवळा डाग येतो. एका पानावर तीन वेळा, अगदी समान अंतरावर. हाच तो गुप्त कोड का?
– डीटीपी ऑपरेटर, कराड

उत्तर : नाही. नुसत्या डोळ्यांनी दिसला म्हणजे तो संकेत नाही, बिघाड आहे. पट्टीनं अंतर मोजा. ९४ मिलिमीटर भरलं तर ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर, म्हणजे कागदावर टोनर उतरवणाऱ्या फिरत्या रुळावर, ओरखडा आहे, कारण ३० गुणिले ३.१४ म्हणजे ९४.२. ड्रम २४ मिलिमीटरचा असेल तर अंतर ७५ येईल. डाग फक्त पिवळा आहे म्हणजे पिवळ्याचा ड्रम युनिट. चिकटलेला टोनर किंवा लेबलचा गोंद असेल तर कोरड्या मऊ कापडानं निघतो, ओरखडा असेल तर ड्रम बदलावाच लागतो. नखानं खरवडू नका आणि बाहेर काढलेला ड्रम उजेडात ठेवू नका. काळ्या कागदात गुंडाळा. पानभर फिकट पिवळी झाक येत असेल तर ड्रमची ब्लेड किंवा स्वस्तातला रिफिल टोनर यांच्याकडे आधी बघा.

जाता जाता, असा ओरखडाही एक प्रकारची खूणच असतो. त्याच जागी, त्याच अंतरानं तोच डाग दोन कागदांवर असेल तर दोन्ही एकाच मशीनमधून निघाले असं तज्ज्ञ दाखवू शकतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात तर गिअर आणि ड्रमच्या फिरण्यातल्या बारीक चढउतारांमुळे छपाईत पडणाऱ्या पट्ट्यांवरून प्रिंटर ओळखण्याचं काम झालेलं आहे. त्याला पिवळा टोनरही लागत नाही. काळ्या लेझरलाही ते लागू होतं.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. शाखेतल्या कर्जप्रकरणांतला गैरप्रकार वर कळवायचा आहे. कागदपत्रांच्या प्रती ऑफिसच्याच रंगीत प्रिंटरवर निघतात. या ठिपक्यांवरून मी सापडेन का? ठिपके काढून टाकायची काही सोय आहे असं ऐकलं.
– नाव नको, सातारा

उत्तर : ठिपक्यांच्या आधी तुम्ही दुसऱ्याच काही गोष्टींवरून सापडाल, म्हणून त्या आधी सांगतो.

२०१७ मध्ये अमेरिकेत रिॲलिटी विनर या कंत्राटी कर्मचारी बाईंनी एक गोपनीय अहवाल छापून वृत्तसंस्थेला पाठवला. वृत्तसंस्थेनं त्याचं स्कॅन जसंच्या तसं प्रसिद्ध केलं. त्यावरचे ठिपके वाचून लोकांनी ९ मे २०१७, सकाळी ६:२० ही छपाईची वेळ आणि प्रिंटरचा नंबर काढला. तेव्हापासून 'ठिपक्यांनी पकडून दिलं' असंच सगळीकडे सांगितलं जातं. पण तपास यंत्रणेनं न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात वेगळंच आहे. पानांना घडी पडलेली दिसत होती, म्हणजे कोणीतरी छापून बाहेर नेलंय हे कळलं. तो अहवाल कोणी कोणी छापला याची नोंद संगणकात होती, आणि ती सहा जणांची निघाली. त्या सहांपैकी एकीनं ऑफिसच्याच संगणकावरून त्या वृत्तसंस्थेला ईमेल केलेला होता. ठिपके वाचायची गरजही पडली नसती. त्यांना ५ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा झाली.

तुमच्या शाखेतही असंच. प्रिंट सर्व्हरवर युजर आयडी, फाईलचं नाव, पानांची संख्या आणि वेळ नोंदली जाते. कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत, ते खातं कोणी उघडून बघितलं याचीही नोंद राहते. पीडीएफच्या गुणधर्मांत लेखक म्हणून संगणकाचं किंवा तुमचं नाव बसलेलं असतं. आणि त्या कर्जप्रकरणांची माहिती शाखेत मुळात कितीजणांना आहे? तीन जणांना असेल तर प्रिंटर कुठलाही वापरा, संशय तिघांवरच.

ठिपके झाकायची सोय आहे हे बरोबर. ड्रेस्डेनच्याच संशोधकांनी 'डेडा' नावाचा मोफत प्रोग्रॅम काढला. त्यातून मिळणारं चाचणी पान तुमच्या प्रिंटरवर काढायचं, ३०० डीपीआयला न दाबता स्कॅन करायचं, त्यावरून प्रोग्रॅम मुखवटा बनवतो आणि तो तुमच्या पीडीएफवर बसवतो. छापताना संकेताच्या मोकळ्या घरांतही पिवळे ठिपके पडतात आणि मूळ संकेत वाचता येत नाही. छापताना 'फिट टू पेज' चालू राहिलं तर पान दोन-तीन टक्के आकसतं, मुखवटा सरकतो आणि मूळ संकेत उघडाच राहतो. भिंगाखाली तपासल्याशिवाय विसंबू नये. प्रोग्रॅमला माहीत नसलेल्या पद्धतीची खूण असेल तर तो काहीच करू शकत नाही. नव्या मशीनमधली खूण पिवळ्या ठिपक्यांचीच असेल असंही धरून चालू नका. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं याच कारणानं 'ठिपके न टाकणाऱ्या प्रिंटरां'ची आपली जुनी यादी वाढवणं सोडून दिलं. ती यादी अजून फिरते, तिच्यावर जाऊ नका. त्यापेक्षा काळ्या लेझरवर किंवा साध्या इंकजेटवर पान काढलं की पिवळ्या ठिपक्यांचा प्रश्नच बहुधा उरत नाही.

पण तुमच्यासाठी याहून सरळ वाट आहे. राष्ट्रीयीकृत बँक केंद्रीय दक्षता आयोगाच्या कक्षेत येते, आणि २००४ च्या जनहित प्रकटीकरण ठरावानुसार तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवून आयोग तक्रार घेतो. पाकीट बंद करून त्यावर 'कंप्लेंट अंडर द पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर' असं इंग्रजीत लिहा आणि आयोगाच्या सचिवांच्या नावे पाठवा. पाकिटावर तुमचं नाव-पत्ता लिहू नका. आतल्या तक्रारीत सुरुवातीला किंवा शेवटी मात्र नाव-पत्ता हवा, निनावी तक्रार या ठरावाखाली घेत नाहीत. मजकुरात 'मी कर्ज विभागात असताना' अशी वाक्यं येऊ देऊ नका. मजकूर असा हवा की नावाचा भाग झाकला तर लिहिणारा ओळखू येऊ नये. पाकीट शाखेच्या टपालात टाकू नका हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : खासगीपणाचा हक्क मान्य झालेला असताना ही खूण बंद करा असं कंपनीला सांगता येतं का?
– वकील, सातारा

उत्तर : मेनूत तसं बटण नसतं, खूण मशीनच्या फर्मवेअरमधूनच, म्हणजे आत कायम बसवलेल्या प्रोग्रॅममधूनच, येते. २००८ मध्ये युरोपीय आयोगाला हाच प्रश्न विचारला गेला होता. या खुणांसाठी खास कायदा नाही, पण त्यातून व्यक्ती ओळखली जात असेल तर खासगीपणाच्या हक्काला बाधा येऊ शकते, असं उत्तर आलं. खुणा तशाच राहिल्या.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं हक्क मान्य झाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात प्रिंटरचा उल्लेख नाही, पण ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी व्याख्या आहे. नुसता सीरियल नंबर त्यात ओढूनताणून बसवावा लागेल. तोच नंबर कंपनीच्या विक्री नोंदीत तुमच्या अशिलाच्या नावासमोर असेल तर मुद्दा भक्कम होतो. तिथेही गुन्ह्याच्या तपासासाठी कलम १७ ची सवलत आडवी येते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणून सध्या 'खूण काढा' म्हणण्यापेक्षा 'माझ्या मशीनच्या नंबराशी जोडून तुमच्याकडे कोणती माहिती आहे, ती कोणाला देता' हे लेखी विचारणं आम्हाला जास्त उपयोगाचं वाटतं.

प्रश्न : निवडणुकीत रंगीत पत्रकं छापून देतो. मशीनची खूण पानावर असतेच, मग मुद्रकाचं नाव टाकायची गरज काय, असं एका कार्यकर्त्याचं म्हणणं. काय करावं?
– मुद्रक, कोरेगाव

उत्तर : कार्यकर्त्याचं ऐकू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७ क नुसार निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते दर्शनी भागावर हवेत. प्रकाशकाकडून त्याच्या सहीचं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं निवेदन दोन प्रतींत घ्यायचं. छपाईनंतर निवेदनाची एक प्रत आणि पत्रकाची एक प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. हातानं नक्कल करणं सोडून प्रती काढण्याची कुठलीही रीत इथे 'छपाई'च धरली जाते, त्यामुळे 'आम्ही फक्त झेरॉक्स मारली' हे चालत नाही. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती सभेची तारीख, वेळ, ठिकाण सांगणारं हँडबिल यातून वगळलं आहे. जिल्हा परिषद, नगरपालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश निवडणूक कार्यालयातून वेगळे घ्या.

प्रश्न : पिवळा टोनर संपला की प्रिंटर काळं पानही देत नाही. ठिपके टाकता येत नाहीत म्हणूनच अडवतो ना?
– शिक्षिका, वाई

उत्तर : ऐकायला पटतं, पण हिशेब करा. एका पानावर ३,००० ठिपके धरले तरी ०.१ मिलिमीटर व्यासानं त्यांचं एकूण क्षेत्रफळ २४ चौरस मिलिमीटरच्या आत राहतं. आपल्या टिकलीच्या पाकिटातल्या एका लहान टिकलीएवढं. टोनर संपतो तो छपाईनं आणि कॅलिब्रेशननं, म्हणजे मशीन स्वतःचे रंग जुळवून घेतं त्यानं. मशीन अडतं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे ड्रायव्हर (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) ऑटो कलरवर असतो आणि काळा रंग चार रंग मिसळून तयार केला जातो. ड्रायव्हरमध्ये ग्रेस्केल, त्यातही 'ओन्ली ब्लॅक' निवडा. बऱ्याच मशीनच्या मेनूत रंगीत कार्ट्रिज संपल्यावर थांबायचं की काळ्यात चालू ठेवायचं, हे ठरवता येतं; मुळात ते 'थांबा'वर असतं. रिकामं कार्ट्रिज मात्र जागेवर राहू द्या, काढलं तर मशीन सुरूच होणार नाही.

प्रश्न : शाळांची ओळखपत्रं आम्ही रिबनच्या कार्ड प्रिंटरवर छापतो. त्यावर असे ठिपके असतात का?
– फोटो स्टुडिओ, तासगाव

उत्तर : हे ठिपके रंगीत लेझरचे, रिबनच्या प्रिंटरमध्ये टोनरच नसतो. पण तुमच्याकडे त्याहून मोठी गोष्ट रोज कचऱ्यात जाते. वापरलेली रिबन उलगडून खिडकीसमोर धरा. काळ्या पट्ट्यातून जेवढी अक्षरं कार्डावर गेली तेवढी जागा पारदर्शक झालेली असते. मुलाचं नाव, इयत्ता, रक्तगट, वडिलांचा फोन नंबर, सगळं जसंच्या तसं वाचता येतं. पिवळ्या, किरमिजी, निळ्या पट्ट्यांवर फोटोची उलटी छटा दिसते. एका रोलवर अख्खी शाळा असते.

रिबन गुंडाळीसकट टाकू नका. गुंडाळी कटरनं आडवी चार-पाच ठिकाणी कापा, म्हणजे प्रत्येक पट्ट्याचे तुकडे होतात. नुसती उलगडून चुरगळली तर पट्टे अखंडच राहतात. जाळू नका, प्लॅस्टिकचा धूर वाईट. काही प्रिंटरमध्ये छापून झाल्यावर काळा पट्टा खोडायची सोय असते, ती चालू करा. वेळ थोडा जास्त लागतो.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात आधारची फाईल व्हॉट्सॲपवर पाठवून प्रिंट घेतो. नंतर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं की झालं ना?
– वाचक, फलटण

उत्तर : दुकानाच्या संगणकावर ती फाईल डाउनलोड्समध्ये उतरलेली असते, तिथून ती जात नाही. शक्य असेल तिथे आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. प्रिंट हातात आल्यावर डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्हींतून फाईल समोर काढायला सांगा. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो, त्यामुळे 'फाईलला पासवर्ड आहे' याचा फार भरवसा धरू नका.

दुकानदारांसाठी दोन गोष्टी. विंडोजच्या स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्समधल्या जुन्या फाईली आपोआप काढायची सोय आहे, कमीत कमी मुदत एक दिवस. ती लावा. आणि प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड या पानावर 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' वर खूण असेल तर काढा, नाहीतर प्रत्येक काम रांगेत तसंच पडून राहतं.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचं मोठं कॉपियर मशीन बुडालं. तेव्हापासून पोटमाळ्यावर आहे, आता भंगारात द्यायचंय. पूर्वी त्यावर दवाखान्यांचे रिपोर्ट, बँकांची कागदपत्रं बरीच व्हायची. काही काढून घ्यावं लागेल का?
– गावभाग, सांगली

उत्तर : हार्ड डिस्क. मोठ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये ती असते आणि स्कॅन, कॉपी, प्रिंट झालेली कामं तिच्यावर उतरतात. टेबलावरच्या छोट्या प्रिंटरमध्ये बहुधा नसते. न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेनं भाड्याचे कॉपियर डिस्क न पुसता परत केले. २०१० मध्ये एका वृत्तवाहिनीनं त्यातलं एक विकत घेतलं आणि आत रुग्णांची माहिती निघाली. २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवावं लागलं.

पाण्यात बुडाली म्हणून डिस्क पुसली गेली असं समजू नका. पाण्यानं सर्किट आणि वाचणारं हेड खराब होतं. तबकड्यांवरची चुंबकीय नोंद राहते आणि दुसऱ्या डिस्कचे भाग लावून ती वाचता येते. मशीनला वीज जोडून बघायच्या भानगडीत पडू नका, गाळानं शॉर्ट होईल. मागचं पत्र्याचं झाकण उघडा. मेन बोर्डाजवळ साडेतीन किंवा अडीच इंची डिस्क दोन ते चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढा, डोळ्यांवर गॉगल लावा आणि तबकड्या आहेत त्या भागातून ड्रिलनं आरपार तीन-चार भोकं पाडा. गॉगल यासाठी की अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात. आत एसएसडी, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क, निघाली तर भोकं पुरत नाहीत. बोर्डावरची प्रत्येक मेमरी चिप फोडायला हवी.

चालू मशीन विकणाऱ्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवावा. ॲडमिन पासवर्डनं आत जाऊन आधी कॉन्फिगरेशन पान छापा, त्यात डिस्क आहे का ते कळतं. मग डिस्कची ओव्हरराइट किंवा इनिशियलाइज सोय चालवा. आताच्या डिस्कला एकदा पूर्ण ओव्हरराइट पुरे. सात-सात वेळा पुसायचा सल्ला जुन्या काळचा आहे. काही तास जातात, मध्येच मेन स्विच बंद करू नका. ॲड्रेस बुक पुष्कळदा त्यात जात नाही, ते वेगळं काढावं लागतं. स्कॅन थेट संगणकात यावं म्हणून फोल्डरचा युजरनेम-पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड तिथेच भरलेला असतो. मशीन विकल्यावर ते दोन्ही पासवर्ड बदलून टाका.